मालकीच्या रानातला साग, ऐन, किंजळ विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यात आमची थोडी वरकस जमीन आहे. वडिलांनी चाळीसेक वर्षांपूर्वी तिथे साग लावला. ऐन आणि किंजळ आपसूक वाढले. पुढे घराचं काम निघालं तेव्हा त्यातली बेचाळीस सागाची झाडं आम्ही विकली आणि मोठं नुकसान करून घेतलं. आपल्या झाडात लाकूड किती आहे, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मी मोजायला शिकलो, कायदा वाचला, आणि आता आसपासच्या गावांत कुणाला झाडं विकायची असली की टेप घेऊन जातो. लोक जे विचारतात आणि मी जे सांगतो, ते इथे लिहून ठेवलं आहे. बहुतेक गोष्टी कोकणातल्या अनुभवावरून आहेत, पण कायदा आणि मोजमाप महाराष्ट्रभर तेच आहे.

झाड माझं, जमीन माझी. मग परवानगी कशाला?

कारण महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ मालकीच्या जमिनीलाही लागू आहे. या कायद्याच्या अनुसूचीतली झाडं तोडायची तर वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती झाडं अशी: साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, बिवळा, हळदू (हेद), तिवस, ऐन, किंजळ, अंजन आणि कांदळवन. दारातला आंबा किंवा परसातला फणस या यादीत आहे, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो.

हा कायदा परवानगी नाकारण्यासाठीच आहे, असा समज करून घेऊ नका. झाड वाळलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं असेल, घराला किंवा माणसांना धोका असेल, किंवा झाड पक्व झालं असेल तर परवानगी मिळते. मात्र तीव्र उतारावर झाडाच्या पक्वतेचं कारण चालत नाही, कारण तिथली माती त्या मुळांनीच धरलेली असते. परवानगीसोबत नवीन झाडं लावायची अटही येते. तिला नुसती कागदावरची अट समजू नका.

नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत जमीन असेल तर तिथे १९७५ चा नागरी क्षेत्रातला वेगळा वृक्षसंरक्षण कायदा आहे. तिथे अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे जातो.

अर्जाआधी सातबारावर काय पाहू?

तीन गोष्टी.

पहिली, "वन" हा शब्द. कोकणात, विशेषतः ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात, कित्येक सातबारांवर "खाजगी वन" किंवा "राखीव वन" अशी नोंद असते. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ ला लागू झाला आणि अशा अनेक जमिनी त्या दिवशी शासनाकडे गेल्या. नोंद असेल तर ठेकेदाराशी बोलूच नका, आधी वकिलाकडे जा. शिवाय १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन आदेशानंतर "वन" म्हणजे काय याचा अर्थ मालकीवर अवलंबून राहिलेला नाही. मालकीची जमीनही त्यात येऊ शकते.

दुसरी, भाग. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातली. महाबळेश्वर-पाचगणी, माथेरान, डहाणू हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग आहेत. तिथे शेजाऱ्याने दहा वर्षांपूर्वी तोडलं होतं, याला काही अर्थ नाही.

तिसरी, झाडांची नोंद. सातबारावर सागाची झाडं नोंदलेली असतील तर मालकीचा प्रश्न लवकर सुटतो. नसतील तर तलाठ्याकडे जाऊन प्रत्यक्ष पाहणी करून नोंद करून घ्या. ज्या वर्षी विकायचं त्याच वर्षी हे काम काढलं तर हंगाम हातचा जातो. निदान दोन पावसाळे आधी करा.

सातबारा सामाईक आहे. चुलतभाऊ मुंबईत, आत्यांची नावं आहेत पण त्यांनी कधी काही मागितलं नाही. त्यांची सही लागेलच का?

लागेल. आणि लागली नसती तरी मी घ्यायला सांगितलं असतं. आत्याने मागितलं नाही म्हणजे तिचा हक्क गेला असं होत नाही. वडिलांनी लावलेल्या झाडांना लहानपणी कुणी पाणी घातलं, गुरं कुणी हाकलली, हे घरात सगळ्यांना आठवत असतं. आमच्या घरी पहिल्या विक्रीच्या वेळी आत्याला विचारलं नव्हतं. पुढच्या गणपतीला ती आली, रानाकडे एकटीच जाऊन आली आणि काही न बोलता चहा प्यायली. त्यानंतर आम्ही प्रत्येक झाडाचा हिशेब तिच्यापर्यंत पोहोचवतो.

व्यवहारात सांगायचं तर सर्व सहहिस्सेदारांचं संमतीपत्र अर्जाला जोडा. बांधाजवळची झाडं असतील तर भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून हद्द कायम करा. शेजाऱ्याच्या हद्दीतलं एक झाड चुकून पडलं तरी सगळं प्रकरण अडकतं.

आदिवासी खातेदार असेल तर?

तर मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या खातेदारांच्या वृक्षविक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. खातेदाराने अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. झाडं वनविभाग तोडतो, माल विक्री आगारात नेऊन लिलाव होतो आणि खर्च वजा जाता रक्कम खातेदाराला मिळते. खाजगी व्यापाऱ्याला थेट विकता येत नाही. मीठ-मिरची, थोडं उसनं धान्य, लग्नाला हातउसने पैसे, असं देऊन डोंगरच्या डोंगर नेले जात होते, म्हणून हा कायदा आला. "तुझ्या नावावर नको, माझ्या नावावर अर्ज करू" असं कुणी म्हणालं तर त्याला दारात उभं करू नका.

ठेकेदार म्हणतो, "कागदपत्रांचं सगळं मी बघतो, फक्त मुखत्यारपत्रावर सही करा." करू का?

नको. परवानगी तुमच्या नावावर निघते. वीस झाडांची परवानगी आणि तोड तीस झाडांची झाली, तर वनविभाग जबाब तुमचा घेणार. त्या परवान्यावर दुसऱ्याच रानातलं लाकूड बाहेर काढल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत. मालक पुण्यात नोकरीला आणि नोटीस गावच्या पत्त्यावर.

अर्ज स्वतः करा. तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. सातबारा, आठ अ, फेरफार, गाव नकाशा, चतुःसीमा, संमतीपत्र, झाडांची घेरासह यादी, एवढं घेऊन गेलात की निम्मं काम झालं. वनरक्षक किंवा वनपाल पाहणीला येतील त्या दिवशी तुम्ही रानात हजर राहा आणि प्रत्येक झाडाला नंबर पडताना स्वतःच्या वहीत तोच नंबर आणि घेर लिहा. ही वही पुढे सगळीकडे उपयोगी पडते. ठेकेदाराला धावपळीत मदत करू द्या, हरकत नाही. सही आणि वही मात्र आपल्याकडेच ठेवा.

उक्तं द्यावं की घनफुटावर?

घनफुटावर. या सगळ्या पानातलं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

आम्ही बेचाळीस झाडं उक्ती, म्हणजे न मोजता ठोक किमतीला, दिली होती. ठेकेदार वडिलांबरोबर रानात फिरला, खोडांवर हात मारत, आणि म्हणाला, "काका, सरासरी तीस इंच धरू." वडिलांनी मान हलवली. त्यांच्या मनात ती झाडं अजून रोपंच होती, मला वाटतं. तीन ट्रक गेले. शिमग्याच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा मोकळ्या झालेल्या माळावर बुंधे होते, कापलेल्या तोंडावर चीक सुकलेला. आईच्या शिवणकामाच्या टेपने मी एकेक मोजला. सतरा बुंधे पन्नास इंचांच्या वर होते. बुंध्याशी घेर फुगलेला असतो हे मान्य, तो वजा केला तरी तीस इंचांची सरासरी कुठल्याच हिशेबात बसत नव्हती.

तीस आणि चाळीस इंचांत फरक किती, ते बघा. दहा फुटी ओंडका, मधला घेर ३० इंच: लाकूड ३.९ घनफूट. तोच ओंडका ४० इंचांचा असेल तर ६.९४ घनफूट. घेर एक तृतीयांशाने वाढला, पण लाकूड पाऊणपट जास्त. आणि जाड लाकडाला घनफुटाचा भावही चढा असतो, तो फायदा वेगळा. नजरेच्या अंदाजात दहा इंच सहज निसटतात.

हे ३.९ आणि ६.९४ आले कुठून?

पाव घेराच्या पद्धतीने. ओंडक्याच्या बरोबर मध्यावर घेर मोजा, इंचात. त्याला ४ ने भागा. आलेल्या आकड्याचा वर्ग करा, लांबी फुटांत गुणा, आणि १४४ ने भागा. ४० चा पाव १०, वर्ग १००, गुणिले १० फूट म्हणजे १०००, भागिले १४४ म्हणजे ६.९४.

ही पद्धत इंग्रजांच्या काळापासून लाकडाच्या व्यापारात रुळलेली आहे. तिच्यात खऱ्या गोल लाकडाच्या सुमारे ७८.५ टक्केच माप येतं. त्याच ओंडक्याचं खरं घनफळ ८.८४ घनफूट भरतं. सोडलेला भाग कापणीत जाणाऱ्या पाठी-कडांचा मानतात. यात फसवणूक नाही, कारण बाजारभावही त्याच मापावर ठरलेला असतो. फसवणूक होते ती दोन मापं मिसळली की. भाव सांगायचा वनविभागाच्या घनमीटरचा आणि मोजायचं पाव घेराने, असं कुणी केलं तर त्याला थांबवा. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मोजताना ठेकेदाराचा माणूस टेप ओढून धरतो आणि वरचे इंच सोडतो. एवढ्या-तेवढ्याने काय होतं?

दहा टक्के होतं. ४० चा घेर ३८ धरला तर ६.९४ चे ६.२७ होतात. शंभर ओंडक्यांत दहा ओंडके गेले असं समजा.

सालीचाही मुद्दा येतो. घेर सालीवरून मोजायचा की साल काढून, हे आधी ठरवा. साल एक सेंटिमीटर जाड असेल तर साल काढल्यावर घेर सुमारे अडीच इंचांनी उतरतो. साल काढून मोजायचं ठरलं असेल तर साल खरंच काढा. "सालीचे पाच इंच वजा" असं तोंडी चालवू नका. लांबीचंही तसंच: दहा फूट चार इंचांचा ओंडका दहा फूट धरतात, हा रिवाज आहे, पण नऊ फूट अकरा इंचांचा नऊ धरायला लागले तर बोला. तोडणाऱ्याला आधीच सांगा की तुकडे पूर्ण फुटाला दोन-तीन इंच वर ठेवून पाड.

झाड उभं असताना त्यातलं लाकूड कसं काढायचं?

जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, सुतळी गुंडाळून घेर घ्या. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूला उभं राहून मोजा. मग दहा फुटांचा वेळू घ्या, दर फुटाला चुन्याची खूण करा आणि एकाला तो खोडाला टेकवून उभा करायला सांगा. तुम्ही पंधरा-वीस पावलं मागे जा. वेळूच्या किती पट उंचीवर पहिली मोठी फांदी आहे किंवा खोड वाकलं आहे, ते पाहा. बहुतेक किंमत त्या पहिल्या सरळ भागात असते. मध्यावरचा घेर छातीच्या घेरापेक्षा कमी असणार. आमच्या रानातल्या सागात पहिल्या वीस फुटांच्या मध्याला चार ते सहा इंच कमी धरले की पुढे पाडल्यावर जवळपास जमतं. पहिल्या दोन-तीन झाडांचा अंदाज आणि पाडल्यावरचं खरं माप ताडून पाहा, म्हणजे तुमच्या रानाचा आकडा तुम्हाला सापडेल.

एक सकाळ आणि दोन माणसं लावली तर पन्नास झाडं होतात. शाळेतल्या पोरांना सोबत घ्या. आमच्या शेजारची नववीतली मुलगी आता माझ्याहून भरभर वर्ग करते.

भाव कसा ठरवायचा?

कुणी एक आकडा सांगितला तर विश्वास ठेवू नका, कारण सागाला एक भाव नसतो. घेराच्या गटाप्रमाणे, लांबीप्रमाणे आणि प्रतीप्रमाणे तो बदलतो. सरळ, गाठी नसलेला, पीळ नसलेला, गाभा भरलेला ओंडका वरच्या भावात जातो. कोवळ्या झाडात बाहेरचं फिकट लाकूड जास्त आणि आतला तपकिरी गाभा कमी असतो. ते फिकट लाकूड किडीला लवकर बळी पडतं, म्हणून सुतार ते काढून टाकतो आणि व्यापारी त्याचे पैसे देत नाही.

वनविभागाच्या आणि वनविकास महामंडळाच्या लिलावांचे भाव हा चांगला मापदंड. विदर्भात बल्लारशा आणि परतवाडा इथली विक्री आगारं सागासाठी नावाजलेली आहेत. आलापल्लीच्या सागाची ख्याती तर वेगळी सांगायला नको. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड गेलं ते चंद्रपूर-गडचिरोलीतलंच. तिथला भाव आपल्या वीस-पंचवीस वर्षांच्या बागेतल्या सागाला लावू नका. तो कमाल भाव समजा. मग जवळच्या दोन-तीन वखारींत जा, गिऱ्हाईक म्हणून सागाचा गोल माल विचारा. त्यातून तोड, ओढणी, भराई, वाहतूक वजा करा. उरतं ते तुमच्या रानातलं. मग तीन व्यापारी बोलवा, आणि तिघांना तीच वहीतली यादी द्या. यादी हातात ठेवली की बोलणीच बदलतात. "अंदाजे" हा शब्द कुणी उच्चारत नाही.

घराजवळच्या झाडांचा एक दोष सांगून ठेवतो. त्यांत खिळे असतात, कपड्यांच्या दोरीची हुकं असतात, कुंपणाची तार खोडाने गिळलेली असते. गिरणीच्या करवतीचं पातं त्यावर फुटतं, म्हणून व्यापारी भाव पाडतो किंवा माल सोडून जातो. आज ज्यांची झाडं लहान आहेत त्यांनी कुंपणाची तार खोडाला ठोकू नये, खांब रोवावेत.

वीस वर्षांत लाखो रुपये मिळतात म्हणाले होते. मिळत का नाहीत?

१९९० च्या दशकात साग लावून पैसे दुप्पट-चौपट करून देण्याच्या योजनांचं पेव फुटलं होतं. कितीतरी मराठी कुटुंबांचे निवृत्तीचे पैसे त्यात गेले. पुढे सेबीने १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणले. त्या जाहिरातींतला साग कागदावर वाढत होता. सरकारी लागवडीत सागाची पूर्ण तोड साठ-ऐंशी वर्षांनी करतात, यावरून अंदाज घ्या. पाणी-खत देऊन घेर लवकर वाढतो, पण गाभा भरायला वर्षं लागतातच.

मग आता विकू की थांबू?

पैशांची निकड नसेल आणि झाड निरोगी, सरळ असेल, तर थांबा. वर पाहिलंच, तीसचे चाळीस इंच झाले की लाकूड पाऊणपट वाढतं. पण मुलीचं शिक्षण, आजारपण, कर्ज, यासाठी विकणाऱ्याला मी कधीच थांबा म्हणत नाही. झाडं त्यासाठीच लावलेली असतात. अशा वेळी सगळं रान देऊ नका, विरळणी करा.

विरळणीत कोणती झाडं काढायची?

वाकडी, दुफाटी, दबलेली, रोगट आणि एकमेकांच्या डोक्यावर चढलेली. दोन बाय दोन मीटरवर लावलेल्या सागाची एकरी हजार झाडं होतात. तेवढी सगळी जाड कधीच होणार नाहीत, वेळेवर विरळ केली नाहीत तर सगळीच वासे-बल्ल्यांपुरती राहतात.

ठेकेदार नेमकं उलटं मागतो: चांगली चाळीस द्या, बाकीची तुम्हाला राहू द्या. त्यात रानाचा कस जातो. मागे उरलेल्या कुबड्या झाडांचंच बी पडतं आणि पुढचं रान त्यांचं होतं. मी तर सांगतो, रानातली सर्वांत देखणी पाच झाडं निवडा, त्यांना पांढरा पट्टा मारा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की ही द्यायची नाहीत.

पोकळ झाडंही राहू द्या. पोकळ खोडाला व्यापारी भाव देत नाहीच, वर फाट्यांच्या, म्हणजे जळणाच्या, हिशेबात ओढून नेतो. पण संगमेश्वर, देवरूखकडच्या रानांत धनेशाची मादी अशाच ढोलीत स्वतःला कोंडून अंडी उबवते आणि नर बाहेरून चोचीने फळं भरवतो. ढोली गेली की जोडी गेली. वन्यजीव कायद्याने या पक्ष्याला आणि त्याच्या घरट्याला संरक्षण आहे. देवाच्या रानाला हात लावायचा नाही हे तर आपल्याला वाडवडिलांनीच शिकवलं आहे.

करारात काय लिहून घ्यायचं?

स्टॅम्प पेपरवर करा आणि साध्या मराठीत करा. झाडांचे नंबर आणि घेर, मोजण्याची पद्धत, सालीचा निर्णय, घेराच्या गटाप्रमाणे घनफुटाचा भाव. शेंडे, फांद्या आणि फाटी कुणाची, हे लिहाच. भांडणं बहुधा यावरून होतात. गडगा, पाखाडी, पाण्याचा पाइप, कलमं मोडली तर भरपाई कुणी द्यायची. तोड आणि वाहतूक कोणत्या तारखेआधी संपवायची. तोडणाऱ्या मजुरांचा विमा ठेकेदाराने उतरवायचा. हे शेवटचं कलम लोक गाळतात. चेनसॉ चालवणारा पोरगा पंचवीसचाही नसतो, पायात स्लीपर असते आणि झाड कुठे पडेल ते त्यालाच ठाऊक असतं. त्याच्या घरच्यांसाठी तरी हे कलम घाला.

पैशांचं: इसार करारावेळी, आणि उरलेली रक्कम त्या गाडीतला माल मोजून झाल्यावर, गाडी रानातून निघण्याआधी, बँकेत. "सगळा माल गेला की एकदम देतो" हे मान्य करू नका.

तोड कधी करावी?

पाऊस संपून रान वाळलं की, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. या दिवसांत सागाची पानं गळू लागतात, रस्ता कोरडा असतो, आंब्याच्या कामाची घाई सुरू झालेली नसते. मे महिन्यात काढलेलं काम वळवाने अडकतं आणि ओंडके रानातच भिजतात. अमावास्येला तोडलेलं लाकूड किडत नाही, असं आमचे जुने लोक मानतात आणि पाळतात. कीड टाळायची तर लाकूड कोरड्या दिवसांत तोडणं, लवकर सोलणं आणि सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवणं, हे मी प्रत्येक वेळी करतो.

हातोडा आणि पास म्हणजे काय?

तोडलेला माल परवानगीच्या यादीशी ताडून पाहिला जातो. ओंडक्यांवर मालकी हातोड्याची आणि वनविभागाच्या हातोड्याची खूण उठते. मग वाहतूक परवाना निघतो, ज्याला सगळे पास म्हणतात. हे सगळं होण्याआधी गाडी हलली तर माल आणि गाडी दोन्ही जप्त होऊ शकतात. डिसेंबर २०२३ पासून केंद्राची राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली ऑनलाइन सुरू झाली आहे, त्यामुळे राज्याबाहेर माल नेणाऱ्यांची सोय झाली. सुबाभूळ, निलगिरीसारख्या काही जातींना पासातून सूट आहे. माणगा, चिवा किंवा कुठलाही बांबू मालकीच्या जमिनीतला असेल तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर तो कायद्याने झाडच राहिलेला नाही.

हातोडा पडतो त्या दिवशी वही घेऊन उभे राहा. लोखंडाचा ठोका आणि तुमच्या वहीतला नंबर जुळायला हवा.

वादळात पडलेल्या झाडाला परवानगी लागते का?

पडलेल्या सागाचं लाकूड बाहेर न्यायचं तर पास लागतोच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे हजारो कुटुंबांच्या बागा आडव्या झाल्या, आणि पुढच्या वर्षी तौक्ते आलं. तेव्हा घाबरून लोकांनी साग फाट्यांच्या भावात देऊन टाकला. पडलेला साग दोन महिन्यांत खराब होत नाही. मुळासकट फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या आणि मग मोजून विका.

स्वतःच्या घराच्या वाश्यांसाठी एखादं झाड तोडलं तर?

अनुसूचीतलं असेल तर परवानगी घ्या.

खैर आणि चंदनाचं काय?

दोन्ही अनुसूचीत आहेत आणि दोन्हींमागे चोर असतात. चिपळूण-सावर्डे भागात खैरापासून काढलेल्या काताचा धंदा असल्याने खैराला मागणी कायम आहे. त्यात वजनावर व्यवहार होतो, तेव्हा काटा तुमच्या समोर झाला पाहिजे. चंदन असेल तर त्याची गावभर चर्चा करू नका, आणि सातबारावर नोंद आधी करून घ्या.

या पैशांवर आयकर लागतो का?

स्वतः जमीन कसून लावलेल्या, राखलेल्या झाडांचं उत्पन्न शेतीचं उत्पन्न मानलं जातं आणि आपसूक उगवलेल्या रानाचं तसं मानलं जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये एका निकालात स्पष्ट केलं. म्हणून लागवडीचे पुरावे जपा: रोपवाटिकेची पावती, जुना सातबारा, पाण्याचं बिल. आमच्याकडे वडिलांची एक डायरी आहे, त्यात "आज साग २०० लावले, पाऊस चांगला" एवढंच आहे. हिशेबनीसाने ते पान जपून फाइलला लावलं.

तोड झाल्यावर बुंध्यांचं काय करायचं?

जमिनीलगत, चार बोटांहून वर न ठेवता, थोडा तिरका काप घ्या म्हणजे पाणी साचत नाही. जाळू नका, उपटू नका. पहिल्या पावसात बुंध्याच्या कडेने फुटवे येतात, कधी दहा-बारा एकदम. ते सगळे ठेवले तर झुडूप होतं. पुढच्या वर्षी एकच ठेवा, जमिनीच्या जवळून निघालेला, सरळ आणि जोमदार. बाकीचे कोयतीने उतरवा. मुळं जुनी आणि खोल असल्यामुळे हा फुटवा नव्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वर जातो. फेब्रुवारीआधी भोवतीचा पाला ओढून जाळपट्टा काढा, कारण वणवा एकदा फिरला की कोवळी साल फाटते आणि तिथून कूज शिरते.

मी मोजलेल्या त्या सतरा बुंध्यांपैकी चौदा फुटले. गेल्या मार्गशीर्षात त्यातल्या सर्वांत जाड झाडाला सुतळी गुंडाळली, छातीच्या उंचीवर घेर सव्वीस इंच भरला. वहीत लिहून ठेवला आहे.